पैसे द्या, पण पोरींचा पूल बंद करून नको

आमच्या ओहायोत जानेवारीतल्या पहाटे पावणेपाचला पूलवर जायचं म्हणजे काय असतं ते ज्यांची पोरं स्विमिंग करतात त्यांनाच माहीत. प्रॅक्टिस संपवून लेक पार्किंगमधून गाडीपर्यंत येईतो तिच्या ओल्या केसांची टोकं बर्फाने कडक झालेली असतात, मग हीटरसमोर डोकं धरून डब्यातले पोहे खाते आणि तशीच शाळेत. आठ वर्षं हेच चाललंय. त्यामुळे कॉलेजच्या खेळाडूंना मिळणाऱ्या पैशांवरची आजची पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

२०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या क्लबमधली एक मोठी मुलगी घरी आली होती, कॉलेजच्या टीममध्ये दोन वर्षं पोहलेली. पूलच्या पायरीवर बसून गॉगलचा रबर बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत होती. कोचने सांगितलं होतं म्हणे, आता टीम ३० जणींचीच, तुझं नाव बसत नाही. टायमिंग बिघडलं नव्हतं, काही चूक नव्हती, फक्त यादी आखूड झाली.

भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. इथे कॉलेजच्या खेळाडूंना स्कॉलरशिप मिळायची पण पगार असा नाही. २०२१ पासून जाहिरातीबिहिरातीचे पैसे घ्यायला परवानगी मिळाली, आणि ६ जून २०२५ ला जज क्लॉडिया विल्केन यांनी 'हाउस विरुद्ध एनसीएए' (एनसीएए म्हणजे कॉलेजच्या खेळांची देशभरची संघटना) या खेळाडूंनी लावलेल्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. आता युनिव्हर्सिटी थेट खेळाडूंना पैसे देऊ शकते, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. आधीच्या खेळाडूंच्या बुडालेल्या कमाईपोटी २८० कोटी डॉलरच्या आसपास वेगळे. आणि त्याच तडजोडीत स्कॉलरशिपच्या मर्यादा काढून प्रत्येक टीमला डोक्यांची मर्यादा लावली, ती ही ३० ची यादी. जे आधीपासून टीममध्ये होते त्यांना जागा मोजणीत न धरता परत घेता येईल अशी सोय जजनी आग्रह धरून शेवटी करून घेतली, पण घ्यायचं की नाही ते कॉलेजच्या मर्जीवर.

माझं मत आधीच सांगते, पैसे द्यायलाच हवे होते, फार आधी द्यायला हवे होते. आमच्या कोलंबसच्या कॉलेज फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉल, हाताने फेकायचा आणि अंगावर आदळायचा तो) स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस बसतो, ती गर्दी ज्या पोरांना बघायला येते ती गुडघे फोडून घेतात, डोक्याला मार खातात, आणि सगळ्यांची घरं भरतात ती पोरं सोडून. ते चूकच होतं. माझं भांडण त्या पोरांशी नाहीये, वाटणीशी आहे.

बऱ्याच मोठ्या युनिव्हर्सिट्यांनी जे सूत्र धरलंय ते असं, ७५ टक्के फुटबॉल, १५ टक्के पुरुषांचं बास्केटबॉल, ५ टक्के महिला बास्केटबॉल आणि उरलेले ५ टक्के बाकी सगळ्यांना मिळून. बाकी सगळे म्हणजे स्विमिंग, टेनिस, कुस्ती, जिम्नॅस्टिक, रोइंग, सगळे. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, हे त्यांनी ठरवलंय. आणि हे २ कोटी आणायचे कुठून असा प्रश्न आला की कात्री कुठे लागते बघा, मार्च २०२५ मध्ये, तडजोड मंजूर व्हायच्याही आधी, कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली युनिव्हर्सिटीने स्विमिंग आणि डायव्हिंग बंदच केलं, मुलांचं आणि मुलींचं दोन्ही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की खटल्याला ज्याचं नाव आहे तो ग्रँट हाउस स्वतः स्विमर, ॲरिझोना स्टेटचा. आणि त्याच्यासोबत दावा लावणारी सेडोना प्रिन्स, बास्केटबॉलवाली. तीच, जिने २०२१ मध्ये व्हिडिओ टाकला होता, पुरुषांच्या स्पर्धेत हॉलभर जिम आणि बायकांना डंबेल्सचा एक रॅक न् योगा मॅट. म्हणजे लढले कोण आणि ताटात पडलं कोणाच्या!

आता "बायकांचे खेळ बघतंच कोण, पैसे येत नाहीत तर देणार कुठून" हे आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ऐकलं म्हणून सांगते. २०२४ ची महिलांची कॉलेज बास्केटबॉल फायनल सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी बघितली, पुरुषांची १ कोटी ४८ लाखांनी. महिलांच्या स्पर्धेला 'मार्च मॅडनेस' हे पुरुषांच्या स्पर्धेचं गाजलेलं नाव वापरायला मिळालं २०२२ ला. त्या स्पर्धेत मॅच जिंकली की पुरुषांच्या टीमच्या कॉन्फरन्सला (म्हणजे एकत्र खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाला) १९९१ पासून पैसे मिळतात, महिलांच्या बाबतीत हे सुरू व्हायला २०२५ उजाडलं. इतकी वर्षं दुकानाचं शटर अर्धं खाली ठेवायचं आणि मग म्हणायचं गिऱ्हाईक येत नाही, हे कसं चालेल?

टायटल नाइन नावाचा कायदा १९७२ चा, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेद नको. पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ४० गोल्डपैकी २६ बायकांची, ती आभाळातून नाही पडली, त्या कायद्यामुळे कॉलेजांना मुलींच्या टीम उभ्या कराव्या लागल्या त्यातून आली. मग या नव्या पैशाला तो कायदा लागू की नाही? जानेवारी २०२५ मध्ये शिक्षण खात्याने सांगितलं लागू आहे, सरकार बदललं आणि फेब्रुवारीत ते मागे घेतलं. तडजोड मंजूर झाल्यावर जुन्या नुकसानभरपाईच्या वाटणीविरुद्ध आठ महिला खेळाडूंनी याच कायद्यावर बोट ठेवून अपील केलं. मला त्यांचं शंभर टक्के पटतं.

आणि मुलांचे छोटे खेळही यातच भरडले जाणार. पॅरिसमध्ये अमेरिकेच्या पुरुष जिम्नॅस्टिक टीमने १६ वर्षांनी टीम मेडल आणलं, पाचही जण कॉलेजच्या जिममधून आलेले, मिशिगन, स्टॅनफर्ड, पेन स्टेट. अशी कॉलेजं आता वीससुद्धा उरली नाहीत.

आपला संबंध काय विचाराल, तर आपली ऋतुजा भोसले, बोपण्णासोबत एशियन गेम्सचं गोल्ड आणणारी, टेक्सस ए अँड एमकडून कॉलेज टेनिस खेळलीये. त्याच युनिव्हर्सिटीने २०२३ मध्ये फुटबॉल कोचला काढलं आणि करार मोडल्याचे ७.५ कोटी डॉलरच्या वर द्यायचं कबूल केलं. एका माणसाला, काम न करण्यासाठी. पैसे नाहीत हे मला कोणी सांगू नका.

इथे दहावीनंतरच्या १५ जूनपासून कोच मुलींशी बोलू शकतात. आमच्याकडेही मेल आले, फोन झाले. लेकीने वहीत प्रश्न लिहून ठेवलेत, डॉर्म कसं, मेजर कुठलं, आणि खाली माझ्या सांगण्यावरून दोन, तुमच्या २ कोटींतले मुलींना किती, आणि चार वर्षं ही टीम राहील असं लिहून द्याल का. पहिल्या कोचने दुसऱ्या प्रश्नावर बराच वेळ घेतला, मग म्हणाली, "मला खरंच आवडलं असतं." लेकीने ते तसंच वहीत लिहून घेतलं.