पोट्ट्याला पुन्हा ‘माता’ आली, म्हणून डॉक्टर बदलू नका

मागच्या पोळ्याला तळहातावर फोड, यंदा पुन्हा तेच. मग गावात दोनच निकाल लागतात. एक तर ‘मातेचं काही राहून गेलं’, नाहीतर ‘त्या डॉक्टरची दवाई कच्ची’. दोन्ही चूक. हा हात-पाय-तोंडाचा आजार. कांजण्या आधी छाती-पाठीवर उठतात आणि खाजतात. इथं फोड तळहात, तळपाय, कुल्ले आणि तोंडात. लेकरू जेवत नाही ते तोंडाच्या आगीमुळे.

आजाराचं नाव एक, पण तो आणणारे विषाणू कितीतरी. कॉक्सॅकी ए16, ए6, ए10 आणि एन्टेरोव्हायरस ए71 हे नेहमीचे. एकाविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला अडवेलच असं नाही. चीनमध्ये 2015 च्या शेवटी ए71 ची लस मंजूर झाली, पण ए16 पुढे ती चालत नाही. पोलिओ याच घराण्यातला. त्याचेही प्रकार तीन, म्हणून 2016 पर्यंत आपल्या थेंबांत तिन्ही घालावे लागत.

इतके प्रकार झाले कसे? या विषाणूचा सगळा मजकूर म्हणजे आरएनए या जनुकीय धाग्याची साधारण 7,500 अक्षरं. पेशीत त्याची नक्कल उतरवणारं एन्झाइम लिहिलेलं परत वाचून पाहत नाही, त्यामुळे जवळपास प्रत्येक नकलेत एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका विषाणूलाच भोवतात, थोड्या टिकतात. पोलिओच्या व्हीपी1 या कवचाच्या जनुकात वर्षाला सुमारे 1 टक्का अक्षरं बदलतात. हा वेग इतका नेमाचा, की दोन नमुन्यांतला फरक मोजून त्यांची वाट कधी वेगळी झाली याचा अंदाज बांधता येतो.

दुसरी तऱ्हा त्याहून भारी. एकाच पेशीत दोन प्रकार शिरले, की ते एन्झाइम एकाची नक्कल करता करता मध्येच दुसऱ्यावर उडी मारतं. दोन सातबारे शेजारी ठेवून उतरवताना नाव एकाचं अन् गट नंबर दुसऱ्याचा पडावा, तसं. आरएनएतला कवचाचा भाग सहसा शाबूत राहतो, मागचा अर्धा मात्र जवळच्या नात्यातल्या प्रकारांत सर्रास अदलाबदल होतो. म्हणूनच प्रकार ठरवताना व्हीपी1 पाहतात: 75 टक्क्यांहून जास्त अक्षरं जुळली, तर तोच प्रकार.

आता अंगणवाडीच्या दारातली सॅनिटायझरची बाटली. ती काढून तिथं साबण ठेवा. या विषाणूला चरबीचं वेष्टनच नाही, अल्कोहोल त्याच्यापुढे लेचंपेचं पडतं. साबणही त्याला मारत नाही, पण 20 सेकंद चोळलं तर धुऊन काढतो. फोड सुकल्यावरही शौचातून विषाणू काही आठवडे पडत राहतो, म्हणजे खरं काम शी धुणाऱ्या हातांचं. खेळणी एक लिटर पाण्यात 3 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून 10 मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्यानं धुवा.

पाण्यातूनही तो पोचू नये म्हणून गावच्या टाकीला 1,000 लिटरमागे 5 ग्रॅम टीसीएल, म्हणजे 10,000 लिटरला 50. ही मात्रा पावडरीत 33 टक्के क्लोरीन असेल तेव्हाची. पावसाळ्यात तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातली पावडर गोळा होते, क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना. पावडर बादलीत कालवा, अर्धा तास निवळू द्या, वरचं पाणी टाकीत ओता, गाळ फेका. व्हॉल्व्ह लगेच सोडू नका, निदान अर्धा तास थांबा. पाण्यात क्लोरीन उरला का हे पाहणारी ओटी टेस्ट टाकीजवळ करून रजिस्टर भरणं ही शुद्ध धूळफेक. ती शेवटच्या घराच्या नळावर करा, तिथं 0.2 पीपीएम (लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम) क्लोरीन दिसला पाहिजे.

सलाईन आणि अँटिबायोटिकचा हट्ट नको. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही आणि लेकरू पाणी पीत असेल तर सलाईनची गरज नाही. गार ताक द्या, तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन मुळीच नाही. मात्र झोपेत दचके बसत असतील, चालताना झोक जात असेल, सारखी उलटी होत असेल, तीन दिवसांवर ताप असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर थेट उपजिल्हा रुग्णालय गाठा.

आणि महिना-दीड महिन्यानं नखं मुळापासून सुटायला लागली, तर घाबरू नका. ए6 नंतर असं होतं. बुरशीचं मलम लावायचं नाही, ओढायचं नाही, खालून नवं नख येतंच.