ग्रांप्री येईल तेव्हा येईल

मोटोजीपीचं, म्हणजे मोटारसायकल शर्यतींच्या सर्वोच्च जागतिक मालिकेचं, नवं वेळापत्रक जाहीर झालं की मायदेशी एक वाद ठरल्यासारखा उकरून निघतो. भारताचं नाव यंदाही नाही! २०२३च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर शर्यत झाली, मार्को बेझेकी जिंकला, करार म्हणे सात वर्षांचा होता. २०२४ची फेरी रद्द झाली, पुढे २०२५ आणि २०२६ या दोन्ही वर्षी वेळापत्रकात भारत नाही. मग एका बाजूचे लोक म्हणतात, जगापुढे नाक कापलं गेलं. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, बरं झालं, हे चोचले हवेत कशाला, आधीच पोरं रस्त्यावर गाड्या उडवून मरतायत.

जर्मनीत बसून हा वाद ऐकताना वाटतं की दोन्ही बाजू चुकीच्या दाराशी भांडतायत.

पहिली समजूत अशी की युरोपातला चाहता म्हणजे दर रविवारी ट्रॅकवर. तसं काही नसतं. २०२५च्या हंगामात २२ फेऱ्या होत्या. इथला कट्टर चाहतासुद्धा त्यातल्या एक-दोन प्रत्यक्ष बघतो, बाकीच्या सोफ्यावर. आणि सोफ्याचाच हिशोब करायचा तर भारतातला प्रेक्षक जास्त नशीबवान आहे. युरोपातली मुख्य शर्यत इथे दुपारी दोनला सुटते, म्हणजे उन्हाळ्यात भारतात साडेपाचला. शनिवारची स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत, साडेसहाला. जपानची शर्यत भारतात सकाळी साडेदहाच्या सुमाराला येते. जर्मनीत त्यासाठी सातला उठावं लागतं. ऑस्ट्रेलियाची तर पहाटे पाचला. फक्त अमेरिका खंडांतल्या फेऱ्यांना भारतातल्या माणसाला मध्यरात्र उलटेपर्यंत जागावं लागतं. एक खबरदारी घ्या: मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर युरोपातली घड्याळं तासाभराने सरकतात. आदल्या शर्यतीची वेळ लक्षात ठेवून टीव्ही लावला तर एक तास आधी तरी बसाल, नाहीतर विजेत्याचं राष्ट्रगीत तरी ऐकाल.

खरा फरक पडतो तो बघायचं काय यात. आपल्याकडे बहुतेक जण थेट रविवारी उगवतात आणि मग निकालावर भांडतात: गाडी मोठी की रायडर, डुकाटी जिंकली की तिच्यावर बसलेला मार्क मार्केझ. या प्रश्नाचं निम्मं उत्तर शुक्रवारीच कागदावर आलेलं असतं.

शुक्रवारी सकाळी ४५ मिनिटांचं सत्र आणि दुपारी तासाभराचं. दुपारच्या सत्रातले पहिले दहा जण सुरुवातीच्या पुढच्या जागा ठरवणाऱ्या क्यू-टूमध्ये थेट जातात, उरलेले क्यू-वनमध्ये आणि त्यातून फक्त दोघं वर येतात. त्यामुळे दुपारच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत सगळे नवे सॉफ्ट टायर चढवून एकेका लॅपसाठी, म्हणजे ट्रॅकच्या एकेका चकरेसाठी, धावतात. मथळे त्याच वेळांचे होतात आणि रविवारच्या दृष्टीने त्याच सगळ्यात कमी कामाच्या. या गडबडीत कुठे पिवळा झेंडा लागला तर त्या भागातून गेलेल्यांचा लॅप रद्द होतो. म्हणून एखादा मोठा रायडर अकरावा-बारावा दिसला तर लगेच ‘गाडी बिघडली’ म्हणू नका, आधी त्याचे किती लॅप खोडले गेलेत ते पाहा.

कामाच्या वेळा सत्राच्या मधल्या भागात असतात. अधिकृत संकेतस्थळाच्या निकालांच्या पानावर प्रत्येक सत्राची ‘अ‍ॅनालिसिस’ नावाची पीडीएफ फुकट मिळते. प्रत्येक रायडरचा प्रत्येक लॅप, त्याचे चार सेक्टर, पुढचा-मागचा टायर कोणता आणि तो किती लॅप वापरलेला, सगळं त्यात असतं. रीत सोपी आहे. पिटमधून बाहेर पडतानाचा आणि आत येतानाचा लॅप खोडा. रहदारीत अडकून सेकंदभराने मंदावलेले लॅप खोडा. आठ-दहा लॅप जुन्या मागच्या टायरवर सलग पाच-सहा लॅप कोणी काढलेत ते शोधा आणि त्यांतला मधला आकडा घ्या. सर्वांत वेगवान लॅप घेऊ नका, तो कोणाच्या तरी मागे ओढत गेलेला असू शकतो. असे सहा-सात रायडरांचे आकडे एकाखाली एक मांडले की रविवारचं चित्र बऱ्यापैकी दिसतं. वीस मिनिटांचं काम आहे. डुकाटीच्या सगळ्यांचे आकडे एका ओळीत आले तर गाडीचं श्रेय. एकच जण बाकीच्या डुकाटींपेक्षा सेकंदाचे तीन दशांश पुढे असेल तर माणसाचं.

तरीही हे चित्र रविवारी फसतं आणि ते फसवण्यात सगळ्यात मोठा हात हवेच्या दाबाचा. पुढच्या टायरमध्ये किमान १.८ बार दाब असलाच पाहिजे आणि मुख्य शर्यतीच्या निदान ६० टक्के लॅपमध्ये तो टिकला पाहिजे. स्प्रिंटला ३० टक्के पुरतात. प्रत्येक चाकात सेन्सर असतो. नियम मोडला तर रविवारी १६ सेकंदांचा दंड, शनिवारी ८. ऐकायला किरकोळ वाटतं. पण संघाला शर्यतीआधी, टायर थंड असताना, आकडा ठरवावा लागतो आणि तो ठरवायचा तर आपला रायडर पुढे असेल की गर्दीत, याचा अंदाज बांधावा लागतो. पुढे कोणी नसलं की समोरून गार वारा लागतो, टायर थंड राहतो, दाब खाली येतो. दुसऱ्याच्या मागे अडकलं की पुढच्या गाडीची गरम हवा अंगावर येते, वारा नीट लागत नाही, दाब चढतो. तो दोन बारच्या पुढे सरकला की टायर फुगतो, रस्त्याला टेकणारी जागा कमी होते आणि ब्रेक दाबला की पुढचं चाक अडकतं. म्हणून गर्दीचा अंदाज धरून कमी हवा भरली आणि रायडर अनपेक्षितपणे आघाडीवर गेला, तर तो वेगवान असूनही गुन्हेगार ठरतो.

२०२५ची पहिलीच शर्यत, थायलंडमधलं बुरीराम, २६ लॅप. मार्क मार्केझ पोलवरून, म्हणजे पहिल्या जागेवरून, निघून आघाडीवर, आणि सातव्या लॅपला त्याने चक्क भावाला, अ‍ॅलेक्सला, पुढे जाऊ दिलं. ‘नाटक’, ‘घरातल्या घरात वाटणी’ असे शेरे तेव्हा आपल्याकडे बरेच पडले. प्रत्यक्षात त्याचा पुढचा दाब मर्यादेखाली होता. भावाच्या मागे बसून त्याने टायर तापवला, हवे तेवढे लॅप भरून काढले आणि शेवटचे काही लॅप उरले असताना पुन्हा पुढे जाऊन जिंकला. त्याच वर्षी कतारमध्ये मावेरिक विन्यालेस केटीएमवर दुसरा आला, १६ सेकंद मिळाले आणि चौदाव्या जागी जाऊन बसला. माझ्या मते हा नियम प्रेक्षकांवर अन्याय करणारा आहे. टायर कंपनीला सुरक्षिततेची हमी द्यायची असते हे मान्य, पण पोडियमवर उभा राहिलेला माणूस तासाभराने चौदावा होतो हे कुठल्याही खेळाला शोभत नाही. फक्त त्याला नाटक म्हणू नका.

आता ट्रॅकवर जाण्याबद्दल, कारण परदेशातल्या लोकांचा हेवा बहुधा त्याचाच वाटतो. जर्मनीतल्या झाक्सेनरिंगचं उदाहरण घेऊ. ३.६७१ किलोमीटर, तेरा वळणं, त्यांपैकी दहा डावी. तिकीट काढताना बहुतेक नवखे स्टार्टच्या सरळ रस्त्यासमोरची बैठक घेतात आणि पैसे वाया घालवतात. तिथे ताशी तीनशेच्या आसपासची एक रंगीत रेघ जाते, दुसरं काही दिसत नाही. बसायचं अकराव्या वळणाकडे, उतारावर. त्याआधी ओळीने सगळी डावी वळणं येतात, जवळजवळ अर्धा मिनिट गाडी टायरच्या डाव्या कडेवर किंवा सरळ उभी असते. उजवी कड वाऱ्याने गार पडत जाते. आणि मग एकदम वेगात, उतरणीवर, उजवीकडे झोपायचं. म्हणून इथे टायर असममित आणतात, उजव्या बाजूला मऊ रबर. तरी सकाळी ढग असले की पुढचं चाक कसलीही सूचना न देता निसटतं. त्या कोपऱ्यात उभं राहून पाहिलं तर चांगला रायडर इतरांपेक्षा किंचित आधी, हळुवारपणे गाडी टाकायला सुरुवात करतो हे उघड्या डोळ्यांनी दिसतं; टीव्हीच्या लांब लेन्समध्ये ते सपाट होऊन जातं. डाव्या वळणांचा बादशहा असलेला मार्केझ इथे सगळे वर्ग धरून बारा वेळा जिंकलाय, आणि त्याचं उजव्या वळणाशी वागणं बघण्यासारखं आहे.

बदल्यात गमावता काय? शर्यत. तीस लॅपमध्ये तुमच्यासमोर प्रत्येक गाडी तीस वेळा, दोन-तीन सेकंद. मधल्या मारामाऱ्या मोठ्या पडद्यावर, तोही उन्हात फिका. म्हणून शुक्रवार-शनिवार ट्रॅकवर आणि रविवार घरी, हा माझ्या मते उत्तम सौदा, पण तो ऐकतो कोण! कानात बोळे मात्र घालाच. फोमचे स्वस्तातले पुरतात, पण मुरगाळून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरायचे, नाहीतर दुसऱ्या लॅपला बाहेर.

आणि इथले प्रेक्षक फार समंजस असतात, असलाही गैरसमज नको. २०२५ला इटलीतल्या मुजेलोत जिंकलेल्या मार्केझवर शिट्ट्या पडल्या, इटलीच्या रॉसीशी २०१५ला झालेल्या त्याच्या भांडणाला दहा वर्षं होऊनही. भावकीचे वाद सगळीकडे सारखेच.

मग इथे काय आहे जे आपल्याकडे नाही? ग्रांप्री नव्हे. बिनमहत्त्वाचे रविवार. कार्टिंगच्या ट्रॅकवर दहा वर्षांची पोरं छोट्या गाड्यांवर, कडेला पावसाच्या कोटातले स्वयंसेवक मार्शल झेंडे घेऊन, प्रेक्षक म्हणजे आईबाप आणि एक कुत्रा. मोठ्या शर्यतीला लागणारे अनुभवी मार्शल, तपासनीस, वैद्यकीय पथकं इथेच घडतात. २०२३ला आपल्याकडे चर्चा कशाची झाली? उशिरा आलेल्या व्हिसांची, प्रक्षेपणात चुकलेल्या नकाशाची, उष्म्यामुळे २४ची २१ लॅप केलेल्या शर्यतीची. शर्यत संपल्यावर त्या मार्शलांना पुढच्या महिन्यात काम कुठे मिळणार, हे कोणी विचारलं नाही. पाया न घालता कळस चढवला की तो पुढच्या वर्षी दिसत नाही, यात नवल काय? मुलांसाठीची मिनीजीपी मालिका २०२२पासून भारतातही सुरू झाली. तिला ट्रॅक आणि प्रेक्षक मिळाले तर ते काम ग्रांप्रीपेक्षा मोठं ठरेल.

‘पोरं मरतात’ हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर तेरा वर्षांचा मुलगा गेला. युरोपातही २०२१च्या एकाच हंगामात कनिष्ठ वर्गांमध्ये चौदा आणि पंधरा वर्षांची दोन मुलं गेली, दोन्हीकडे पडलेल्या मुलावर मागून गाडी आली. त्यानंतर जागतिक संघटनेने वयाच्या अटी वाढवल्या, ग्रांप्रीसाठी अठरा, अगदी मोजके अपवाद सोडून, आणि कनिष्ठ वर्गांत एका शर्यतीतल्या गाड्यांची संख्या कमी केली. कारण सरळ आहे: सारख्या ताकदीच्या हलक्या गाड्या एकमेकींपासून सुटत नाहीत, वीस जणांचा घोळका होतो आणि मधला पडला की मागच्याला वाट राहत नाही. यावर आपल्या वादात चकार शब्द नसतो.

रस्त्यावरच्या मस्तीचं खापरही मोटोजीपीवर फोडून उपयोग नाही. जर्मनीत सोळाव्या वर्षी १२५ सीसी, अठराव्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंतची गाडी आणि कितीही ताकदीची गाडी थेट चोविसाव्या वर्षी. मधल्या पायरीवर दोन वर्षं काढून परीक्षा दिली तर विसाव्या. रस्त्यावर शर्यत लावणं २०१७पासून फौजदारी गुन्हा. आपल्याकडे अठरा पूर्ण झाले, गिअरचा परवाना आला, की हजार सीसीसुद्धा कायदेशीर. टीव्ही बंद केल्याने यात फरक पडणार नाही. इथेही सगळं गोडीगुलाबीचं नाही हे खरं. ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये काही घाटरस्ते उन्हाळ्यात ९५ डेसिबलपेक्षा मोठ्या आवाजाच्या मोटारसायकलींना बंद आहेत, आणि नियमात बसणाऱ्या चालकांचाही त्यावर राग आहे.

राहता राहिला ‘यात आपलं कोण’ हा प्रश्न. २०१६ साली नेदरलँड्समधल्या आस्सेनला मोटो-थ्री या खालच्या वर्गाची शर्यत महिंद्राच्या गाडीवर जिंकणारा पोरगा म्हणजे पेको बान्याया, पुढचा दोन वेळचा मोटोजीपी जगज्जेता. तो त्याचा पहिला ग्रांप्री विजय. २०२४च्या अखेरीस केटीएम दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेली, तिला बजाजने ८० कोटी युरो उभे करून सावरलं आणि २०२५ संपण्याआधी तिचा ताबाही घेतला. म्हणजे आज त्या केशरी गाड्यांची मालकी आकुर्डीशी जोडलेली आहे. वेळापत्रकात नाव नाही म्हणून रडणाऱ्यांनी निदान त्यांचे आकडे तरी शुक्रवारी बघावेत.

नव्याने सुरुवात करायची तर २०२७ सोयीचं आहे, कारण जुने-जाणतेही त्या वर्षी पुन्हा पहिलीत बसतील. इंजिन हजारचं साडेआठशे सीसी होईल, टाकी २२ लिटरची २० होईल, वळणातून निघताना गाडीचा मागचा भाग खाली बसवणारी यंत्रणा आणि सुटतानाची तसलीच यंत्रणा बंद होईल, टायर मिशेलिनऐवजी पिरेल्ली. पिरेल्ली २०२४पासून मोटो-टू आणि मोटो-थ्रीला टायर देतेच. तेव्हा आत्तापासून युरोपातल्या उन्हाळी फेऱ्यांच्या रविवारी भारतीय वेळेने पावणेचारला मोटो-टू लावा, आणि शेवटच्या पाच लॅपमध्ये मागचा टायर कोणाचा टिकतो, एवढंच एका वहीत टिपत चला.