सावकाराकडून एक गुण उसना पाहिजे

आज दुपारी मी हसलो आणि तेव्हापासून स्वतःवरच डोकं फिरलंय. म्हणून ही पोस्ट. लांब होणार. कंटाळा येईल त्यांनी अंगठा दाबून पुढं जावं. अंगठ्याचाच विषय आहे.

सकाळी एक कॉलेजचं पोरगं घरी आलं होतं. नाटकवेडं. मोबाइल उभा करून माझी मुलाखत घेतली. शेवटी विचारलं, "सर, आजवर केलेल्या भूमिकांपैकी कुणाचा कोणता गुण तुमच्यात यावा असं वाटतं?" मला काय, कॅमेरा दिसला की सुटलो. राज्य नाट्य स्पर्धेत परभणी केंद्रावर केलेल्या मास्तराचा सडेतोडपणा, विहीर खोदणाऱ्या म्हाताऱ्याची चिकाटी, पोलीस पाटलाचा करारी बाणा. पोरगं खूश. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "एवढे गुण असतील तर गॅसवाल्याला एकदा बोला की."

दुपारी तीनच्या सुमाराला एका बँकेत गेलो. नाव घेत नाही. रांगेत माझ्या पुढं एक आजी, म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला आलेल्या. महिन्याचे १५०० रुपये. मशीनवर अंगठा लागेना. उजवा झाला, डावा झाला, मग एकेक बोट. सगळा जन्म कापूस वेचण्यात अन् खुरपण्यात गेलेला, बोटावर रेषा राहतील कशाला? आजी पदरानं बोट पुसायच्या, तोंडाची वाफ द्यायच्या, परत ठेवायच्या. मशीन लाल. शेवटी काउंटरवरचा म्हणाला, "आजी, ही बोटं झिजली. घरून दुसरी घेऊन या."

रांग हसली. मीही हसलो.

खो खो नाही. ओठ हलले तेवढे. पण नट आहे मी, ओठ किती हलले की शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतं ते मला चांगलं कळतं. आजींनी मागं वळून बघितलं तेव्हा माझंच तोंड समोर होतं.

आणि मला काय करायचं ते माहीत होतं हो! मशीन घेत नसंल तर स्लिपवर शाईचा अंगठा घ्यायचा, अधिकाऱ्यासमोर पासबुकातला फोटो अन् माणूस ताडून बघायचा, पैसे द्यायचे. माझ्या आईचं तसंच व्हायचं. एका वाक्याचं काम होतं. वाक्य पाठ होतं. मी एंट्रीच घेतली नाही.

तो काउंटरवरचा दोन माणसांचं काम एकटा करतो, दिवसभर लोक त्याच्यावर ओरडतात, कबूल. पुढं बोला.

सकाळच्या मास्तराचं सांगतो. तो सडेतोड होता, कारण लेखकानं त्याला तसा लिहिला होता. विंगेत प्रॉम्प्टर होता. मास्तर बोलला की समोरच्या संस्थाचालकानं मान खाली घालायची, हे दोन महिन्यांच्या तालमीत ठरलेलं होतं. त्यानं मान खाली घातली नसती तर मी काय केलं असतं? घाम पुसला असता. असले गुण भाड्याच्या धोतरासारखे. प्रयोग संपला की घडी घालून परत.

पोराला खरं सांगायला पाहिजे होतं ते आता सांगतो. मला सावकार पाहिजे.

२००७ ची गोष्ट. जिंतूर तालुक्यात एका गावी जत्रेत प्रयोग होता. मी सावकार. गादी, लोड, पुढं परात, परातीत नाणी. नाणी म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून किलोवर आणलेले वायसर. दिग्दर्शकानं एकच शिकवलं होतं, "सावकार कधी घाई करत नाही. समोरचा रडायला लागला की तू पान लाव." दुसऱ्या अंकात कुळ पाया पडायला आलं आणि लाइट गेली. तेव्हाचं भारनियमन आठवतंय ना? खेड्यात बारा-बारा तास. जनरेटरवाला पोरगा तमाशाच्या तंबूकडं गेलेला. मैदानात हजारेक माणूस, अमावास्येचा अंधार. कुळ झालेला आमचा मित्र विंगेत पळाला. मी गादीवर बसून राहिलो आणि अंधारात वायसर मोजायला लागलो. एक... दोन... तीन... परातीवर टण, टण. शिट्ट्या थांबल्या. पोरं गप झाली. जनरेटर सुरू झाला तेव्हा मी साडेतीनशेच्या पुढं गेलो होतो, अन् एक माणूस उठून गेला नव्हता.

तो अंधारात बसलेला माणूस मला पाहिजे. लोक काय म्हणतील, रांग काय म्हणेल, मागच्याला उशीर होतोय का, याची त्याला फिकीर नाही. तो सावकार आज रांगेत असता तर काउंटरवर कोपर टेकवून म्हणाला असता, "अंगठा शाईचा घ्या. मी थांबतो." अन् पान लावलं असतं.

लगेच खाली लिहू नका की सावकाराचं कौतुक करायलाव म्हणून. माझ्या आजोबांची चार एकर त्याच वहीत गेली. मला त्याची वही नको, बैठक पाहिजे. सज्जनांच्या भूमिका करून आपल्याला टाळ्यांची सवय लागते. टाळ्यांची सवय लागलेला माणूस रांग हसली की हसतो. निळूभाऊ फुल्यांचं बघा ना. पडद्यावर त्यांना बघून बायाबापड्या शिव्या द्यायच्या, आणि माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, घरी साधा. आयुष्यभर शिव्या खाल्लेल्या माणसाला रांगेच्या हसण्याची काय भीती? (हे माझं आपलं मत. त्यांना भेटायचं भाग्य नव्हतं.)

दुसरीकडं आपले लक्ष्मण देशपांडे सर. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटा माणूस ५२ पात्रं उभी करायचा. माझं आत्ता वय ५२. माझ्याच्यानं एक धड उभं राहिना.

चहा पिऊन आलो. राग थोडा उतरलाय. आता एक गोष्ट कबूल करतो, जी अठरा वर्षं प्रत्येक गप्पांच्या बैठकीत मी गाळत आलो. वायसरची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी माझ्या तोंडून दहादा ऐकली आहे, पण ती मी अर्धीच सांगतो.

लाइट गेली तेव्हा मी उठलो होतो. गुडघ्यावर आलो होतो, पळणारच होतो. मागच्या पडद्याखालून नेपथ्याचं बघणारे आमचे मामा रांगत आले अन् माझ्या धोतराचा सोगा गच्च धरला. बिडीचा वास आला. कानात म्हणाले, "मालक, बसून ऱ्हा. हललास तर गाव उठंल. पैशे मोज." पहिले दहाबारा वायसर माझ्या हातातून निसटले, ते त्यांनी अंधारात चाचपून परत परातीत टाकले. जनरेटर सुरू व्हायच्या आत ते पडद्यामागं गेले. टाळ्या मला.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना कधी कुठल्या नाटकात एक वाक्यसुद्धा नव्हतं. म्हणजे मी मघापासून जो गुण मागायलोय, तो सावकाराचा नव्हताच.

आज आजींच्या मागं उभा होतो मी. पदराला हात लावायची गरज नव्हती. नुसतं "आजी, थांबा, जाऊ नका" एवढं म्हणलं असतं तरी चाललं असतं. त्या पासबुक पिशवीत घालून म्हणाल्या, "बरं बाबा, सोमवारी येते," अन् स्टँडकडं गेल्या. त्या काउंटरवाल्यालाच "बाबा" म्हणाल्या.

उद्या दुसरा शनिवार, बँक बंद. परवा रविवार. सोमवारी साडेदहाला मी तिथं जाऊन बसणार आहे. आजी कोणत्या गावच्या ते विचारलं नाही, त्यामुळं कधी येतील माहीत नाही, दिवस जाईल. परभणीतलं कोणी मोकळं असंल तर या. शाईचं पॅड मी घेतोय, चहा माझ्याकडून.