‘खऱ्या रंगांतली’ मजूर आई: त्या पोस्टमधलं एकही विधान टिकत नाही

कपाळावर आठ्या, गालाशी टेकलेली बोटं, दोन्ही खांद्यांआड तोंड लपवलेली मुलं. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात टिपलेला हा शेतमजूर बाईचा कृष्णधवल फोटो सध्या समाजमाध्यमांवर रंगवून फिरवला जातोय. सोबतचा मजकूर असा: त्या काळी रंगीत फोटो निघतच नव्हते, तंत्रज्ञानाने आता मूळ रंग परत आणले, ही बाई ओक्लाहोमातल्या धुळीच्या वादळांमुळे परागंदा झालेली, मुलांच्या पोटासाठी तिने गाडीचे टायर विकले, आणि या फोटोने तिचे दिवस पालटले.

आधी रंगांचं. कृष्णधवल निगेटिव्हवर फक्त उजेडाचं कमी-जास्त प्रमाण उमटतं. लाल पोलकं आणि हिरवं पोलकं त्यात एकाच राखाडी छटेचं दिसू शकतं. नोंदलाच न गेलेला रंग कुठलंही सॉफ्टवेअर ‘परत’ आणू शकत नाही. ते अंदाज करतं. रंग भरायला माझी हरकत नाही, पण तो अंदाज आहे हे फोटोखाली लिहा.

रंगीत फोटो नव्हते, हेही चूक. कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३५-३६ मध्येच बाजारात आली होती. ज्या सरकारी प्रकल्पात लँग काम करत, त्याच्याच छायाचित्रकारांनी १९३९ पासून ती वापरली. मॅरियन पोस्ट वॉलकॉट यांनी फ्लोरिडातल्या बेल ग्लेडला टिपलेली स्थलांतरित मजुरांची घरं, रसेल ली यांनी १९४० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या पाय टाउनला टिपलेले शेतकरी: सगळं अस्सल रंगांत, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेलं, कुणालाही फुकट पाहता येईल असं. ते सोडून अंदाजाचे रंग ‘खरे’ म्हणून का वाटायचे?

पण मला जास्त लागतं ते बाईच्या गोष्टीचं. तिचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. पोस्टमध्ये ते नाही. लँग यांनीही तेव्हा विचारलं नव्हतं. जगाला ते कळलं १९७८ मध्ये. ती चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळनिवासी समाजातली, १९०३ साली आजच्या ओक्लाहोमात जन्मलेली. मात्र धुळीची वादळं उठली ती १९३० च्या दशकात, आणि ही त्याआधीच, १९२० च्या दशकात, नवऱ्याबरोबर कॅलिफोर्नियात आली होती. १९३१ मध्ये नवरा क्षयाने गेला. पदरात मुलं. पहाटेच्या अंधारात शेतात शिरून पुन्हा अंधार पडेपर्यंत आपण दिवसाला साडेचारशे-पाचशे पौंड कापूस वेचायचो, असं तिने पुढे सांगितलं. म्हणजे दोनशे किलोंच्या वर! बाईची ही ताकद त्या पोस्टमध्ये कुठे आहे? तिथे फक्त बिचारी आई आहे.

टायरची गोष्ट लँग यांच्या टिपणातली. मुलांनी ती साफ नाकारली: विकायला जास्तीचे टायर होतेच कुठे? कुटुंब पुढच्या कामासाठी वॉटसनव्हिलकडे निघालं होतं. वाटेत गाडी बंद पडली, म्हणून कॅलिफोर्नियातल्याच निपोमोला मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर पाल ठोकून ते थांबले होते. दुरुस्ती होताच त्याच गाडीने पुढे गेले. टायर विकून गाडी चालते का? माझा विश्वास मुलांवर आहे. लँग यांच्या मनात दुसऱ्या कुणाची हकिकत मिसळली असावी, असं तिच्या एका मुलाचंही म्हणणं होतं.

आणि दिवस पालटले? फोटो वर्तमानपत्रात आल्यावर निपोमोच्या तळावर २० हजार पौंड धान्य-अन्न पोचलं हे खरं, आणि तिथल्या उपाशी मजुरांसाठी ते मोलाचंच होतं. पण फ्लोरेन्सचं कुटुंब तोवर निघून गेलं होतं. फोटो सरकारी कामातला, त्यामुळे तिला एक पैसाही मिळाला नाही. हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं ती १९७८ मध्ये म्हणाली. १९८३ मध्ये ती आजारी पडली तेव्हा उपचारांसाठी मुलांना लोकांपुढे हात पसरावा लागला. लोकांनी पैसे पाठवले, पत्रंही पाठवली. त्याच वर्षी ती गेली.