नाव नसलेल्या आवाजाचे काय?

सप्टेंबर 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांना अंतरिम दिलासा दिला आणि परवानगीवाचून त्यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्यास मनाई केली. जुलै 2024मध्ये अरिजित सिंह यांच्या बाजूनेही याच न्यायालयाने असाच आदेश दिला होता. दोन्ही आदेश योग्यच होते. मात्र डबिंगचे मराठी संवाद लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांत आपल्या आवाज-कलाकार सहकाऱ्यांसाठी फारसा आधार दिसत नाही, कारण हे संरक्षण प्रसिद्धीवर उभे आहे. आवाज कानी पडताच तो कुणाचा हे लोकांनी ओळखले, तरच त्यावरचा हक्क सिद्ध करणे सोपे जाते. एकाच मालिकेत आजोबा, हवालदार आणि दुकानदार अशा तिघांना आवाज देणाऱ्या कलाकाराचे कसब तर तो ओळखू न येण्यातच असते!

कायदाही इथे अर्ध्यावर थांबतो. 2012च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात एक चांगली तरतूद आली: करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्या माध्यमापुरते हक्कांचे हस्तांतरण लागू होत नाही, आणि हे सादरकर्त्यांच्या, म्हणजे गायक-अभिनेत्यांसारख्या कला सादर करणाऱ्यांच्या, हक्कांनाही लागू आहे. पण त्याच दुरुस्तीने असेही ठरवले की चित्रपटातील ज्याचे काम किरकोळ स्वरूपाचे आहे आणि व्यवसायाच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीतही येत नाही, त्याला बहुतेक हक्कांपुरते ‘सादरकर्ता’ मानायचे नाही. गर्दीतले आवाज देणारे नेमके इथेच बाहेर पडू शकतात. शिवाय हा सगळा हक्क ध्वनिमुद्रित झालेल्या सादरीकरणावरचा आहे. त्या मुद्रणावरून शिकून यंत्राने उद्या नवेच वाक्य उच्चारले, तर ते वाक्य कलाकाराने कधी म्हटलेलेच नसते.

प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो, हेही सांगायला हवे. रेकॉर्डिंग संपते, कलाकाराला पुढच्या स्टुडिओत पोहोचायचे असते, आणि मानधनाच्या व्हाउचरसोबत एक इंग्रजी कागद पुढे येतो. त्यात हे मुद्रण ‘संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी, आज ज्ञात असलेल्या आणि पुढे निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांत’ वापरण्याची मुभा असते. सही न केल्यास पुढचे बोलावणे येईल की नाही, याची खात्री कुणी देत नाही. डबिंगच्या खोलीत टिपलेला आवाज कोरडा असतो. त्यात प्रतिध्वनी नसतो, पार्श्वसंगीत नसते, धाप, हुंदका, हसू सगळे वेगवेगळे मिळते. आवाजाची नक्कल बसवणाऱ्याला याहून सोयीचे साहित्य कुठे मिळणार?

यंत्राच्या मराठीविषयी एक गोष्ट जाता जाता. ‘जगात जगायचे कसे’ या तीन शब्दांत दोन वेगळे ‘ज’ आहेत. देवनागरी तो फरक दाखवत नाही आणि यंत्र तिथे हमखास अडखळते. मग ते सुधारायला एखाद्या आवाज-कलाकारालाच बोलावतात. त्याला मिळतात ते एका दिवसाचे पैसे, आणि त्याने शिकवलेले उच्चार पुढे कायम दुसऱ्याच्या मालकीचे होतात.

मी एआयच्या विरोधात नाही. कमी खर्चामुळे एखादा माहितीपट मराठीत येणार असेल, तर तो यावा. परवानगी घेऊन हे करता येते, याचे उदाहरणही आपल्यापुढे आहे. ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातल्या गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, तेव्हा कुटुंबीयांची संमती घेतल्याचे आणि त्यांना मोबदला दिल्याचे त्यांनीच जाहीर केले होते. हॉलिवूडच्या अभिनेत्यांनी 2023मध्ये 118 दिवस संप केला, तेव्हा डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला हा त्यांच्या मागण्यांतला एक कळीचा मुद्दा होता. आपल्याकडे हातावर पोट असलेल्या डबिंग कलाकाराने एकट्याने इतके दिवस घरी बसावे, अशी अपेक्षा कुणी करू नये.

म्हणून मागणी साधी ठेवावी, पण ती सर्वांनी मिळून करावी. यंत्राला शिकवण्यासाठी आवाज हवा असेल, तर त्याचा करार मानधनाच्या व्हाउचरपासून वेगळा, मराठीत किंवा हिंदीत आणि रेकॉर्डिंगच्या आधी हाती पडावा. कोणत्या कामासाठी, किती काळासाठी आणि प्रत्येक नव्या वापराला किती पैसे, हे त्यात लिहिलेले असावे. डबिंगचे संवाद लिहिणाऱ्यांनीही आपल्या करारात हीच अट घालावी, कारण आमच्या संहितांवरही यंत्रे शिकू शकतात. निर्मात्यांकडून ‘एवढा वेळ कुठे आहे’ हे उत्तर येईलच. पण इंग्रजी कागद छापून आणायला त्यांना वेळ मिळतो, हे आपण सगळेच पाहतो.