डोकं हलतं, रस्ता हलत नाही

सिम रेसिंग, म्हणजे घरी बसून खऱ्यासारखी गाडी पळवायचे गेम, खेळणाऱ्या मंडळींत एक सल्ला गेली कित्येक वर्षं फिरतोय. थोडक्यात असा: ‘खऱ्या रेसकारमध्ये ड्रायव्हरचं डोकं सतत हादरत असतं, गाडीतल्या कॅमेऱ्याचे ऑनबोर्ड व्हिडिओ बघा म्हणजे पटेल. म्हणून गेममधला कॅमेरा शेक (पडद्यावरचं चित्र हादरवणारी सेटिंग) शंभर टक्क्यांवर ठेवा. त्यातूनच ग्रिप, म्हणजे टायरची रस्त्यावरची पकड, कळते. चक्कर येत असेल तर तुम्हाला सवय नाही. शेक बंद करणारे सगळे आर्केडवाले, खऱ्या गाडीशी देणंघेणं नसलेले.’

यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. डोकं हादरतं. पुढचं एकेक बघू.

आधी तो ऑनबोर्ड व्हिडिओ. फॉर्म्युला वनमधला ड्रायव्हरच्या डोक्यामागचा कॅमेरा गाडीला स्क्रूने आवळलेला असतो. त्याला ना मान, ना कान. यावर लोक हेल्मेट कॅमेऱ्याचा दाखला देतात. २०२१ला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवरच्या सरावात फॉर्म्युला वन ड्रायव्हर अलोन्सोच्या हेल्मेटमध्ये डोळ्याच्या उंचीवर छोटा कॅमेरा बसवला होता आणि २०२३पासून तो सगळ्याच ड्रायव्हरांकडे असतो. त्यातलं चित्र भरपूर थरथरतं, मान्य. पण कॅमेरा डोळ्याशेजारी बसला म्हणून डोळा होत नाही.

खात्री करायची तर खर्च शून्य आहे. हा मजकूर वाचता वाचता मान ‘नाही नाही’ म्हणतो तशी भराभर हलवा. अक्षरं वाचता येतात. आता डोकं स्थिर ठेवा आणि हातातला फोन तेवढ्याच वेगाने डावीउजवीकडे हलवा. अक्षरांचा लगदा होतो. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं किती वळलं ते मोजतात आणि डोळ्यांना तेवढंच उलट वळवतात. हे सगळं साधारण दहा मिलिसेकंदांत उरकतं. साठ हर्ट्‌झच्या मॉनिटरला एक फ्रेम दाखवायला त्याहून जास्त, जवळपास सतरा मिलिसेकंद लागतात. खऱ्या गाडीत हादरा बसतो तेव्हा कान आधीच डोळ्याला सांगून मोकळे झालेले असतात. घरी खुर्चीवर बसलेल्या माणसाचं डोकं हललेलंच नसतं, त्यामुळे कान गप्प. हलतं फक्त चित्र. त्याचा पाठलाग डोळ्याने बघूनच करावा लागतो आणि त्या कामाला सेकंदाचा दहावा भाग तरी जातो. तोवर शेक उलट्या दिशेला गेलेला असतो. म्हणजे शंभर टक्के शेक हा हलवलेला फोन आहे. ड्रायव्हरचा अनुभव हलवलेल्या मानेचा असतो.

वरंध घाटातून एसटीने गेला असाल तर आठवा. खिडक्यांच्या काचा खडखडतात, गिअरचा दांडा नाचतो, आपले दात एकमेकांवर आपटतात. ‘मास्तर, रस्ता थरथरताना दिसतो का हो?’ असं ड्रायव्हरला विचारून बघा. तो आधी तुमचं तोंड बघेल.

मग सगळं बंद करून कॅमेरा गाडीला चिकटवून टाकायचा का? शेकविरोधी गट तेच सांगतो, आणि तिथे माझं त्यांच्याशीही पटत नाही. कॅमेरा चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, घट्ट बांधला की डॅशबोर्ड दगडासारखा स्थिर राहतो आणि कर्बवरून (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून) गेलात की क्षितिज उडतं. हे बरोबर उलटं आहे. मान झटके गिळते, नजर लांबच्या रस्त्यावर खिळलेली असते. हलताना दिसलंच तर ते जवळचं दिसतं, म्हणजे स्टिअरिंग, डॅश, खिडकीची चौकट. आसेटो कोर्सा या रेसिंग गेमसाठीच्या कस्टम शेडर्स पॅच या जोडप्रोग्राममध्ये नेकएफएक्स नावाचा भाग आहे, त्यात मानेची हालचाल हवी तशी जुळवता येते. क्षितिज स्थिर आणि डॅशबोर्ड थोडासा हलता ठेवून दोन लॅप मारा.

आता डोक्याच्या हालचालीबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा किलोंच्या आसपास. पाच जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोराच्या, ब्रेकिंगला मानेवर तीस किलोंचा ओढा येतो. गेममधलं ‘जी-फोर्स इफेक्ट’ एवढंच पकडतं: ब्रेक दाबला की कॅमेरा पुढे, वळलात की बाहेर. पण ड्रायव्हर म्हणजे मागच्या सीटवर ठेवलेलं कलिंगड नव्हे. ब्रिटनमधल्या मॅलरी पार्क ट्रॅकवर एका रेसिंग ड्रायव्हरच्या डोक्याची हालचाल मोजली होती, निष्कर्ष २००१ला प्रसिद्ध झाला. त्याचं डोकं वळणाकडे आधी वळायचं आणि गाडी जवळपास एक सेकंदाने त्याच्यामागून तेवढीच वळायची. डोकं गाडीच्या पुढे चाललेलं असतं. शेक नेहमी मागे असतो, कारण तो गाडीने आधीच जे केलं त्याचा हिशोब असतो. २०११च्या शिफ्ट २ गेममधला हेल्मेट कॅमेरा वळणाच्या आतल्या टोकाकडे आपणहून बघायचा. त्याचं हिंदकळणं मला कधी सोसलं नाही, पण आधी बघायची कल्पना अस्सल होती. लोकांनी त्यातलं नेमकं हिंदकळणंच उचललं.

ग्रिप कळते म्हणतात, त्यावर फार लिहीत नाही. मागचा टायर सुटतोय हे आधी स्टिअरिंगच्या फोर्स फीडबॅकमध्ये (हाताला जाणवणाऱ्या ओढीत) आणि टायरच्या आवाजात कळतं, मग क्षितिज वळायच्या वेगात. कित्येक गेममधला शेक तर नुसता स्पीडोमीटरला जोडलेला असतो: रस्ता गुळगुळीत असो की उखडलेला, दोनशेला तेवढाच थरथरणार. बुडाखालचे हादरे हवे असतील तर खुर्चीला बास शेकर, म्हणजे खुर्ची थरथरवणारं यंत्र, लावा. हादरे बुडालाच बसू द्यात, डोळ्याला कशाला?

चक्करेचं म्हणाल तर काहींना सवय होते, हे खरं. पण घाटात मोबाईल बघणाऱ्याला मळमळतं कारण डोळे म्हणतात ‘थांबलोय’ आणि कान म्हणतात ‘चाललोय’. सिममध्ये भांडण तेच, फक्त बाजू बदललेल्या. व्हीआरमध्ये (डोळ्यांवर चढवायच्या पडद्यात) तर कॅमेरा म्हणजे तुमचं स्वतःचं डोकं. ते गेमने परस्पर हलवलं की पोट बंड करतं. त्यात कमीपणा कसला?

एक गोष्ट मात्र शेकवाल्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. २०२२ला बाकूमध्ये मर्सिडीज सरळ रस्त्यावर इतकी आपटत होती की शर्यतीनंतर हॅमिल्टन कंबर धरून गाडीतून उतरला. त्या मोसमात दिसायलाही त्रास होतो अशी काही ड्रायव्हरांची तक्रार होती. हादरा फार जोरात आणि फार भराभर आला की कान-डोळ्याची जोडीही हात टेकते. पण ड्रायव्हरांनी त्याला रिअॅलिझम म्हटलं नाही, ते बंद करा म्हणून मागे लागले. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेने मग उभ्या हादऱ्यांना मर्यादा घातली.

माझा मॉनिटर सत्तावीस इंची, डोळ्यापासून सत्तर सेंटिमीटरवर. त्या अंतराला आडवा फील्ड ऑफ व्ह्यू (पडदा डोळ्यात जेवढा कोन व्यापतो तो) साधारण ४६ अंश बसतो, आणि २५६० पिक्सेल त्यात वाटले की एका अंशाला ५५ पिक्सेल. म्हणजे एका अंशाच्या शेकने ब्रेकिंगचा बोर्ड (वळण किती लांब आहे ते सांगणारी ट्रॅककडेची पाटी) ५५ पिक्सेल उडी मारतो, आणि मला नेमकं त्याच्याकडेच बघायचं असतं. म्हणून क्षितिजाचा शेक शून्य, डॅशची हालचाल थोडी. भाचा आला की मात्र स्लायडर शंभरवर नेतो. तो मागे उभा राहून बघतो, आणि त्याला फार मजा येते.