बुडालेल्या मजुरीचे काय?
विडी वळणाऱ्या महिलांच्या शिवणवर्गांवरील आपल्या लेखात, वर्ग मध्येच सोडणाऱ्या महिलांमध्ये चिकाटी नसते, असे म्हटले आहे; ते मला पटले नाही. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. ती वर्गात बसली, की तेवढी कमाई बुडते आणि घरात कुरकुर सुरू होते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन मिळते, परंतु ती शिंपीकामासह १८ व्यवसायांत आधीपासून असलेल्या कारागिरांसाठी आहे. विडी सोडून नव्याने शिवण शिकू पाहणारीला तिचा उपयोग नाही.

शिवाय आमच्या शेजारच्या दोघी पायमशीनवर शिकून गणवेशाच्या कारखान्यात गेल्या, तेव्हा तिथल्या विजेच्या वेगवान मशीनवर हात बसेपर्यंत त्यांची पुष्कळ ओढाताण झाली, कारण मजुरी नगावर, म्हणजे जितके कपडे शिवले तितकीच. असे वर्ग कारखान्यातच का भरवू नयेत?